तिच्या बाजूचा ब्रेक

१

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड लागते ती कायमची. काटा समोर आला की तो आधी रिकामा बघायचा. रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं पाहिजे. ते नसेल तर पुढे चिमूटभर औषध मोजा नाहीतर पोतंभर धान्य, सगळं खोटंच. ह्याने बावीस वर्षं औषधांच्या दुकानांतले, प्रयोगशाळांतले, गोदामांतले काटे शून्यावर आणले होते. लोक त्याला काटेवाले म्हणत. घरी येणाऱ्या मावशीही सुरुवातीला 'काटेवाले साहेब' म्हणायच्या. मग कधीतरी तो त्यांचा दादा झाला.

मावशी त्याच्या बायकोला सांभाळायच्या. बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. डोळे उघडायची, मिटायची, पण बघायची नाही. नळीतून जेवण, दोन-दोन तासांनी कूस बदलणं. गाडीच्या अपघातात हे झालं होतं. गाडी तोच चालवत होता. त्याला कपाळावर चार टाके पडले, आणि तिचं हे असं झालं.

त्यानंतर तो स्टिअरिंगमागे बसला नव्हता. बसायला गेला की हात घामाने निथळायचे. वजनांची जड पेटी घेऊन तो दुसऱ्यांच्या गाड्यांतून कामाला जायचा. शेवटी समुपदेशक बाईंनी सुचवलं, "आधी खेळातली गाडी चालवून बघा ना. तिथे काही झालं तरी कुणाला काही होत नाही."

म्हणून त्याने कार-शर्यतीचा तो खेळ आणला, टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आणलं, पायाखाली ठेवायची पेडलं आणली. दुकानं उघडायच्या आत काटे तपासून व्हायचे, त्यामुळे दुपार मोकळी असायची. तीन ते चार तो दार लावून आतल्या खोलीत बसायचा. पलीकडच्या खोलीत बायको आणि मावशी.

हा खेळ म्हणजे काही पोरखेळ नव्हता. त्यात टायरमधली हवासुद्धा ठरवता यायची. ब्रेकचं पेडल तर थेट काट्यासारखं होतं. पाय किती खाली गेला ते त्याला नको होतं, पाय किती जोर लावतो हे ते मोजायचं. आत दाब मोजणारा सेल होता, अगदी त्याच्या काट्यांत असतो तसाच. झाकण उघडून तो पाहिला तेव्हा ह्याला परगावी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

ब्रेकच्या सेटिंगमध्ये एक लाल पट्टी होती. पेडल दाबलं की पट्टी वर चढायची आणि शेजारी आकडा दिसायचा. पहिल्याच दिवशी त्याने पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली आणि सवयीने शून्य बघितलं.

आकडा तीन होता. बघता बघता चार झाला. परत तीन.

२

तो गालातल्या गालात हसला. हे तर त्याचं रोजचं काम. रिकामा काटा आकडा दाखवतो तेव्हा कारण असतंच. धूळ, ओल, खोलीतली गरमी, शेजारचा फ्रीज. त्याने वायर बदलली. पेडलांखाली रबर घातलं. फ्रीज बंद करून बघितला, त्यात दूध तेवढं नासलं. आकडा तीन-चारमध्येच खेळत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पेडलं आपल्या काटेदुरुस्तीच्या कारखान्यात घेऊन गेला. तिथल्या दगडी ओट्यावर ठेवून मीटरला जोडली. शून्य. पाच किलोचं वजन ठेवलं, पाच. उचललं, शून्य. तासभर तो बघत बसला, काटा कसा कोऱ्या कागदासारखा. घरी आणून जोडली. तीन.

त्याने पेडलं विकणाऱ्या दुकानात फोन लावला.

"डेडझोन वाढवा की," तिकडचा माणूस जांभई देत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे, साहेब, सुरुवातीचा तेवढा दाब खेळ मोजतच नाही. डेडझोन पाच ठेवा. तीन-चार येऊ दे नाहीतर जाऊ दे, गाडीला पत्ताच लागणार नाही."

"पण दाब येतोय कुठून?"

"तुम्हाला गाडी चालवायची आहे की संशोधन करायचंय?"

त्याने डेडझोन पाचवर ठेवला. काट्याच्या धंद्यात ह्याला लबाडी म्हणतात. चूक तशीच ठेवायची आणि आकडा झाकायचा. पण हा खेळ होता. पट्टी सपाट झाली, आणि चार दिवस तो सुखाने गाडी चालवत राहिला. हात कोरडे राहिले. पाचव्या दिवशी त्याला शीळही घालावीशी वाटली.

त्याच दिवशी गाडी वळणावर अडखळायला लागली. म्हणजे कशी? वळण आलं की ब्रेक दाबायचा एक क्षण असतो. तो क्षण यायच्या आत गाडी जरा दबायची, कुणीतरी मागून सदरा ओढल्यासारखी. फेरी संपल्यावर खेळ ब्रेकचा आलेख दाखवतो. त्याने तो उघडला. प्रत्येक वळणाला एक उंच टेकडी होती, ती त्याच्या पायाची. आणि तिच्या दोन सेकंद आधी एक बुटकी टेकडी होती.

अकरा वळणं, अकरा बुटक्या टेकड्या. एकही चुकलं नव्हतं.

धूळ वळणं ओळखत नाही, त्याच्या मनात आलं. मग त्याने डेडझोन पंधरावर नेला आणि आलेख बंद केला.

३

"दादा, जरा बघता का?" चार वाजता तो बाहेर आला तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या. "वहिनींचा पाय."

उजव्या तळव्याच्या पुढच्या भागावर लाल वळ उठला होता, बोटभर रुंद. तीन वर्षं जमिनीला न लागलेला तो तळवा तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखा मऊ झाला होता. त्यावर तो वळ फार वाईट दिसत होता.

"कशाने झालं?"

"पलंगाच्या पायथ्याच्या फळीने. दाबतात त्या. गुडघा ताठ करून अश्शा दाबतात. मला वाटलं भास झाला. पण आज फळी करकरली, दादा."

डॉक्टर दर महिन्याला यायचे. भले माणूस, जिना चढून यायचे तरी कधी कुरकुर नाही. त्यांनी पायावर हातोडी मारून बघितली, डोळ्यांत उजेड टाकला. "प्रतिक्षिप्त क्रिया आहे ही. पाय डोक्याला न विचारता हलतो. फळीला उशी लावा आणि मनाला लावून घेऊ नका."

उशी लावली. डॉक्टर गेल्यावर मावशी उशीचा अभ्रा नीट करत राहिल्या, नीट असलेला.

"बोला ना, मावशी."

"वेडी म्हणाल मला."

"नाही म्हणणार."

"दिवसभर हूं का चूं नसतं. तुम्ही आत जाऊन तो खेळ लावला, की ह्यांचं सुरू होतं."

आवाज ऐकू जात असणार, हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. पण तो कानाला हेडफोन लावून खेळायचा. दार बंद, मध्ये विटांची भिंत. पेडलांच्या खटखटीने फरशी हादरते म्हणावं, तर आलेखातली ती बुटकी टेकडी त्याच्या पायाच्या आधी यायची.

दुसऱ्या दिवशी त्याने मावशींना पलंगाशी बसवलं. "पाय दाबला की हाक मारा. फक्त 'आता' म्हणा." दार उघडं ठेवून तो खेळायला बसला, हेडफोन काढून, आवाज पूर्ण बंद करून. डेडझोन शून्यावर आणला. पहिलं वळण जवळ यायला लागलं. त्याचा पाय हवेत होता.

लाल पट्टी हलली.

"आता," पलीकडून मावशी म्हणाल्या.

पुढचं वळण. पट्टी. "आता." त्याच्या पुढचं. "आता, दादा." पाचव्या वळणानंतर मावशींचा आवाज रडवेला झाला आणि त्यांनी हाका मारणं सोडून दिलं. पट्टी मात्र वळणामागून वळण हलत राहिली.

४

कुणालाही वाटेल की तो घाबरला असेल. तसं झालं नाही. त्या संध्याकाळी तो तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. ती होती! आत कुठेतरी होती, आणि त्याच्याबरोबर गाडीत बसत होती. कसं, ते त्याला कळत नव्हतं. पण काटा आकडा दाखवतो तेव्हा त्यावर काहीतरी असतं, एवढं त्याला बावीस वर्षांनी शिकवलं होतं.

तो आता तिच्यासाठी चालवायला लागला. वेग वाढवला की तिचा दाब वाढायचा. अवघड वळणांचा रस्ता घेतला की आणखी वाढायचा. त्याने वहीत तारीखवार आकडे लिहिले. बारा. एकोणीस. सव्वीस. एकतीस. तो आकडा डॉक्टरांना दाखवायचा, आणि डॉक्टर तोंडात बोटं घालणार, अशी चित्रं तो मनाशी रंगवायचा. चाळीस झाल्यावर दाखवू, असं त्याने ठरवलं.

"दादा, बंद करा हे," मावशी एका दुपारी म्हणाल्या.

"मावशी, पायात जोर येतोय तिच्या. तीन वर्षांत कुणाला जमलं नाही ते..."

"तुम्ही पाय बघता. मी तोंड बघते."

"तोंडाला काय झालं?"

"या. एकदा तुम्हीच बघा. मी तुमचं ते चाक धरते."

मावशींनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि त्याने सांगितल्याप्रमाणे वेगाचं पेडल दाबून धरलं. तो बायकोच्या उशाशी जाऊन उभा राहिला.

आधी काहीच नव्हतं. खिडकीतून ऊन पांघरुणावर आलं होतं. मग तिचा श्वास अडला. मान उशीत मागे रेटली गेली. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. ओठ मागे ओढले गेले, दात एकमेकांवर घट्ट बसले, आणि हनुवटीखालची शीर दोरीसारखी ताठ झाली. पाय उशीत रुतला. डोळे सताड उघडे होते. ते छताकडे नव्हते, समोर होते. समोर नुसती भिंत होती.

तिचं ते तोंड त्याने आधी एकदा पाहिलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून, अर्ध्या क्षणापुरतं.

"बंद करा, मावशी!" तो ओरडला. "पाय काढा!"

५

अपघाताची हकीकत सगळ्यांना पाठ होती. समोरून मालवाहू गाडी आली, ह्याने ब्रेक दाबला, ब्रेक लागला नाही. पोलिसांना त्याने हेच सांगितलं, सासुरवाडीच्यांना हेच सांगितलं, समुपदेशक बाईंना हेच सांगितलं. गाडीचा चोळामोळा झाला होता, तपासणार काय? मेहुणा तर त्याच्या गळ्यात पडून म्हणाला होता, "भाऊजी, यंत्र आहे, दगा देतं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक बोलत नव्हती.

तिला वेगाची भीती वाटायची. शेजारी बसली की तिचा उजवा पाय खालच्या गालिच्यावर दाबला जायचा, जणू तिच्या बाजूलाही ब्रेक आहे. तो तिला चिडवायचा, "अगं, गालिचा फाटेल!" त्या दुपारी मात्र तीनच्या सुमारास दोघं निघतानाच भांडली होती. भांडण क्षुल्लक होतं, उशीर कुणामुळे झाला ह्याचं. वाटेत ती दोनदा 'हळू' म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्याच्या डोक्यात तिडीक गेली. समोर मालवाहू गाडी वळत होती. अंतर पुरेसं होतं. त्याच्या मनात आलं, थोडी घाबरू दे हिला. एक क्षणभर. मग दाबतो.

तो क्षण त्याने मुद्दाम जाऊ दिला होता. त्यानंतर क्षणच उरला नाही. शेवटी त्याला दिसलं ते तिचं तोंड आणि गालिच्यात रुतलेला पाय.

आता तो आतल्या खोलीत फरशीवर बसला आणि त्याने पेडलांची वायर उपटून टाकली. वहीतल्या आकड्यांकडे बघून त्याला भडभडून आलं. एकतीस. चाळीसची वाट बघत होता तो.

६

दोन दिवस घरात खेळाचं नाव निघालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो भाजी चिरत होता. मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"वायर काढलेली आहे, मावशी."

"माहीत आहे मला."

दोघं तिथेच उभी राहिली. फळी करकरली. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा जास्त.

म्हणजे खेळाने काही सुरू केलं नव्हतं. खेळाने फक्त दाखवलं होतं. हे कधीपासून चाललं असेल ह्याचा तो विचार करायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. पुढे जायची त्याची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी त्याने मावशींच्या मदतीने टेबल, खेळाचा पडदा, स्टिअरिंग, पेडलं सगळं बायकोच्या खोलीत आणलं. पलंगाशेजारी खुर्ची मांडली, गाडीत असायची तशी, ती एका बाजूला आणि हा दुसऱ्या. मग पेडलांची वायर पुन्हा जोडून तो ब्रेकची सेटिंग लावायला बसला. आयुष्यात कुठला काटा त्याने इतक्या निगुतीने लावला नसेल. डेडझोन शून्य. संवेदनशीलता शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे पिसाएवढा दाब पडला तरी ब्रेक लागेल. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं प्रमाण असं, की गाडी जोरात दाबली तरी घसरू नये, सरळ रेषेत थांबावी. सगळं झाल्यावर त्याने आपले दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि वेग हाताच्या बटणावर ठेवला.

"काय करताय, दादा?"

"ब्रेक तिच्याकडे देतोय."

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तो बायकोच्या कानाशी वाकला. तीन वर्षांचं साचलेलं सांगायचं म्हणून त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "मी दाबलाच नाही गं," तो म्हणाला. "ब्रेक चांगला होता. मीच दाबला नाही. तुला घाबरवायचं होतं मला."

मावशींनी हे ऐकलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"आता तुझ्या हातात आहे सगळं. तू दाबलास की थांबेल. बघ तू."

७

सरळ रस्ता त्याने निवडला होता. दोन्ही बाजूंना गवत, समोर कुणी नाही. गाडी सायकलच्या वेगाने निघाली.

काही वेळ पट्टी पडून राहिली. मग हलली. तिचा तळवा उशीला टेकला होता, आणि पडद्यावर गाडीचं नाक किंचित खाली झुकलं. वेग कमी झाला. त्याने बटण सोडून दिलं. पट्टी वीसवर गेली. गाडी आणखी मंदावली, रांगायला लागली, आणि एक हलका हेलकावा खाऊन थांबली.

गवत थांबलं. वेगाचा आकडा शून्य झाला.

"थांबली!" तो म्हणाला. "बघितलंस? थांबवलीस तू. थांबली गाडी."

तो पट्टी खाली यायची वाट बघत होता.

पट्टी तीस झाली.

"अगं, थांबली आहे. सोड आता. सोड पाय."

चाळीस. पंचावन्न. उशी फळीवर चेपून कागदासारखी पातळ झाली. तिची मान मागे रेटली गेली, ओठ दातांवरून ओढले गेले. वेग शून्य होता. रस्ता रिकामा होता. गवताची एक काडी हलत नव्हती, आणि पट्टी सत्तर होती.

खाली काहीतरी कुरकुरलं म्हणून त्याने वाकून बघितलं. त्याचे पाय खुर्चीवर होते. फरशीवरचं ब्रेकचं पेडल सावकाश, थरथरत, आपणहून खाली चाललं होतं. त्यावरच्या रबरात पाच लहान खळगे पडले होते. बोटांचे.

"दादा," मावशी कुजबुजल्या. "डोळे बघा त्यांचे."

डोळे पडद्याकडे नव्हते. पडद्यापलीकडे, थोडं वर, कुठेतरी जिथे एखाद्या मोठ्या गाडीचं तोंड यावं तिथे लागले होते. आणि ते काहीतरी जवळ येताना बघावं तसे हळूहळू मोठे होत होते.

तेव्हा त्याला कळलं. ती थांबवत होती ती गाडी ही नव्हती. ही थांबली काय आणि चालली काय. त्याने ज्या गाडीत ब्रेक दाबला नव्हता, त्या गाडीतून ती अजून उतरलीच नव्हती. त्या गाडीत तिच्या बाजूला नुसता गालिचा होता.

पट्टी शंभरला टेकली. त्यापुढे तिला जागा नव्हती. फळी मात्र करकरतच राहिली, मग एकदम गप्प झाली. तिचं सगळं अंग एक हिसका बसल्यासारखं उडालं आणि सैल पडलं. पेडल टप्पकन वर आलं.

मावशींनी देवाचं नाव घेतलं. तो तिच्या पायापाशी गेला आणि तळवा दोन्ही हातांत धरून बसला. तळवा गरम होता. मिनिटभराने बोटं त्याच्या तळहातावर पुन्हा टेकली. हळूच. दुरून काहीतरी दिसल्यासारखी.

८

डॉक्टर महिन्याच्या भेटीला आले तेव्हा खोलीत टेबल नव्हतं, पडदा नव्हता. पायथ्याची फळी नवी होती, जाड, लोखंडी पट्ट्या मारलेली. मावशींनी काम सोडलं नव्हतं. पण त्या आता दुपारी तीनला गच्चीवर कपडे वाळत घालायला जायच्या, आणि चार वाजून गेल्याशिवाय खाली येत नसत. तो वेळ हा पलंगाच्या पायथ्याशी बसायचा, तळव्याला तळहात लावून. दाब थोपवता यायचा नाही. तरी तो हात काढायचा नाही.

डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली, उजवी पोटरी दोन बोटांनी चाचपली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कमाल आहे. चालत्या-फिरत्या माणसाचे स्नायू असतात ना, तसे झालेत. हृदयही ठणठणीत." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "धीर धरा हो. मी उगाच बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तब्येत अशी असेल तर माणूस सहज वीस वर्षं काढतं. पंचवीससुद्धा."

त्याने घड्याळाकडे बघितलं. तीनला पाच मिनिटं कमी होती. त्याने डॉक्टरांना दारापर्यंत सोडलं, आभार मानले, कडी लावली आणि हात धुऊन आत गेला.